कारणाचा रकाना

अनिमेषने बाटली बाल्कनीच्या उजेडात धरली, सावकाश फिरवली आणि तिच्या मानेवर अंगठा ठेवला. नेमका तिथेच ठेवला. चित्रा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "काका, इथे रंग नाहीये," तो म्हणाला. "आणि बरोब्बर समोर, इथेही. बाकी सगळी जांभळी." चहा बशीत सांडला नाही. हात स्थिर आहे, हे तिने आपोआप नोंदवलं. तीस-बत्तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर थेंब मोजलेला हात होता तो. त्याला सवय होती. कानामागे मात्र काहीतरी गरम झालं होतं आणि ते खाली मानेकडे उतरत होतं. इतक्या वर्षांत या बाटल्या कितीतरी लोकांनी हातात घेतल्या, वा वा म्हणून परत ठेवल्या. मानेवर अंगठा कुणी ठेवला नव्हता.

भाऊ मात्र खूश झाले. शहाऐंशीव्या वर्षी आपल्या वडिलांना इतकं खूश झालेलं तिने अलीकडे पाहिलं नव्हतं. कुणीतरी अखेर नीट बघितलं होतं. "कार्ड काढा," ते म्हणाले. "तीनशे बारा ते तीनशे बावीस." भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि घरातल्या अकराशे चाळीस बाटल्यांपैकी प्रत्येकीचं त्यांनी पेन्सिलीने, मापात, समोरून आणि वरून चित्र काढलेलं होतं. गोटीच्या सोड्याच्या बाटल्या, अत्तराच्या कुप्या, अंधारात चाचपून ओळखता याव्यात म्हणून अंगावर कंगोरे काढलेल्या विषाच्या निळ्या बाटल्या, सगळ्यांची. चित्राखाली रकाने: कुठे मिळाली, कधी, काच, दोष, कारण. कारखान्याच्या नकाशावर असतात तशा कोपऱ्यात दोन छोट्या चौकटी: काढले, तपासले. पहिल्या चौकटीत भाऊंची सही असे. दुसरी सगळ्या कार्डांवर कोरी होती, कारण तपासणारं कुणी नव्हतं. तीनशे बाराव्या कार्डावर मानेशी तुटक रेषेने दोन आयत काढलेले होते. दोष: समोरासमोर दोन फिकट ठसे, चौदा बाय नऊ मिलिमीटर. कारण या शब्दापुढे काहीच नव्हतं. "तार बांधून टांगल्या असतील का?" अनिमेषने विचारलं. "तारेचा ठसा गोल फिरेल," भाऊ म्हणाले. "हे दोन वेगळे आहेत. मी बराच विचार केलाय. कळलं नाही, म्हणून रकाना मोकळा ठेवला. अंदाज मी लिहीत नाही." अनिमेषने मान डोलावली आणि कार्डाचा फोटो काढला.

चित्राने कप ठेवले आणि ती आत गेली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. डोंबिवलीच्या या घरात आता जेमतेम चालायला वाट होती. सगळीकडे खोकी, भुशाच्या पिशव्या, चिकटपट्टीचा वास. इमारत पाडून नवी बांधायची होती आणि महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं. नवऱ्याच्या मागे ती भाऊंजवळच राहायला आली होती, आणि आता दोघं घोडबंदर रोडला तिच्या मुलीच्या, श्रियाच्या, फ्लॅटवर जाणार होती. तिथे अकराशे बाटल्या मावणार नव्हत्या. लिलावाची कल्पना श्रियाची, ठाण्यातली लिलाव करणारी मंडळीही तिनेच शोधली. भाऊंनी पंधरा दिवस घेतले आणि मग एकच अट घातली: बाटल्यांबरोबर त्यांची कार्डं जायला हवीत. त्यांच्याकडून बाटल्यांची यादी करायला आलेल्या अनिमेषचा आज तिसरा दिवस होता. त्याने टेबलावर गट पाडले होते, प्रत्येक बाटलीच्या बुडाला गोल नंबर चिकटवला होता, आणि आत्ता बाहेरून त्याचा आवाज येत होता. तो म्हणत होता की या अकरा जांभळ्या बाटल्या पहिल्या पानावर घेऊ, स्वतंत्र गट, उन्हाने रंगलेल्या म्हणून. भाऊ मध्येच त्याला काचेतलं मँगनीज उन्हाने जांभळं कसं होतं ते समजावत होते. ते त्यांना तिनेच कधीतरी सांगितलं होतं.

या बाटल्या आल्या त्या वर्षी ती पंचवीस वर्षांची होती, नोकरीला आठ महिने झाले होते. मे महिन्यात भाऊंना कल्याणच्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या माळ्यावर बारा बाटल्या मिळाल्या, औषधाच्या मात्रेच्या खुणा काचेतच उठवलेल्या, रंग नसलेल्या. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की अशी जुनी काच उन्हात ठेवली की काही वर्षांनी जांभळी होते. त्यांनी गच्चीवर टाकीच्या कठड्यालगत बाराही ओळीने मांडल्या आणि आईला बोलावून दाखवल्या. आई म्हणाली, लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या जागी हे काय मांडलंय. जूनमध्ये आई गेली, अकरा दिवसांच्या तापात. त्यानंतर भाऊ बोलायचे थांबले. रडणं नाही, चिडणं नाही, फक्त शब्द संपत गेले. वागळे इस्टेटला जायचे, यायचे, ताटात वाढलेलं जेवायचे. "हो." "नको." एकदा तिने मोजलं, आठवड्यात सतरा शब्द. गच्चीवर ते गेलेच नाहीत. ऑगस्टमध्ये कपडे वाळत घालायला ती वर गेली तेव्हा बाटल्या तिथेच होत्या, पाण्यासारख्या स्वच्छ, त्यांच्यात पावसाचं पाणी साचलेलं. ती एक बाटली पांढऱ्या रुमालासमोर धरून बराच वेळ बघत राहिली. ऊन हे करील, पण पाच-सात वर्षं घेईल. तेवढा वेळ या घरात नाही, असं तिला वाटलं. लॅबमध्ये जंतू मारायला अतिनील दिवा होता, सगळे गेल्यावर लावायचा आणि सकाळी बंद करायचा. मँगनीजला दिवा आणि सूर्य यांतला फरक कळत नाही.

डब्याच्या पिशवीतून तिने चार-चार बाटल्या नेल्या. दिव्याखाली आडव्या धरून ठेवायला स्टँडचे चिमटे वापरले, त्यांच्या दोन ओठांना बूच लावलेलं असतं ते. चारी बाजूंनी सारखा रंग यावा म्हणून रोज संध्याकाळी बाटली पाव वळसा फिरवायची. चौथ्याच दिवशी फिरवण्यासाठी चिमटा सैल केला आणि एक बाटली घसरली. फरशीवर फार मोठा आवाज झाला नाही. तिने तुकडे कागदात गुंडाळले, घरी नेले नाहीत. त्यानंतर तिने चिमटा कधी सैल केला नाही. चिमट्यासकट बाटली फिरवली. म्हणून बुचाचे ओठ जिथे टेकले तिथे चौपन्न दिवस उजेड पोचला नाही, एकाही बाटलीत नाही. ते ठसे तिला पहिल्या खेपेच्या उरलेल्या तीन बाटल्या सोडवताना दिसले होते. चिमट्याची जागा बदलली असती तर टळले असते, पण त्यासाठी तो सैल करावा लागला असता. तिला धीर झाला नाही. दिव्याच्या तासांची नोंद ठेवावी लागे, तिथे तिने आपले तास खरेच लिहिले. कामाचं स्वरूप या जागी "इतर" असं लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तिने भाऊंना टाकीचा व्हॉल्व्ह बघायच्या निमित्ताने वर नेलं. ते व्हॉल्व्हकडे वळले आणि मध्येच थांबले. "चित्रा, इकडे ये. हे बघ. हे बघ काय झालंय. तुझी आई म्हणाली होती बरण्या ठेवायची जागा वाया घालवली." एका दमात इतकं. ते खाली उकिडवे बसले, एकेक बाटली उन्हात धरून बघू लागले आणि ती त्यांच्यामागे उभी राहून शब्द मोजू लागली, मग मोजायचं विसरली. त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा भात मागितला. आत्ता ओट्याशी उभं असताना तिला तो भात आठवत होता आणि त्याच्याआधीचं, गच्चीवरचंच, ते मात्र ती आठवू देत नव्हती.

संध्याकाळी श्रियाने फॉर्म पाठवला. ऑफिसातून घरी जाताना तिचा फोन आला. घोडबंदरला गाड्या हलत नव्हत्या, मागे हॉर्न वाजत होते. "आई, ते डिक्लेरेशन बघितलंस? तुझी सही लागेल. भाऊआजोबांचा हात थरथरतो, ते थंब वगैरे नको म्हणे. शनिवारी अनिमेष येईल तेव्हा देऊन टाक. आणि आजोबांचा व्हिडिओ पण घेणार आहे तो, मी हाफ डे टाकून येते. एकदम स्टार झालेत यार ते." चित्राने चष्मा लावून फॉर्म वाचला. सातव्या ओळीत लिहिलं होतं की रंग किंवा पृष्ठभाग यांवर कोणतीही कृत्रिम प्रक्रिया केलेली नाही. खाली कुटुंबाच्या वतीने, नाव, सही, दिनांक. तिने आयुष्यात हजारो अहवालांवर सह्या केल्या होत्या. औषध मानकाप्रमाणे आहे, औषध मानकाप्रमाणे नाही. एकदा एका साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावून मिठाईचा खोका पुढे केला होता आणि तिने तो न उघडता टेबलावरून परत सरकवला होता. ते भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, माझी मुलगी आहे. त्या गोष्टीचा अभिमान तिला कधी पुरता वाटला नव्हता. गच्चीवरच्या जांभळ्या बाटल्या तोवर काचेच्या कपाटात, हॉलच्या मधोमध आल्या होत्या.

शुक्रवारभर ती खोकी बांधत राहिली. विषाच्या निळ्या बाटल्या एकेक कागदात गुंडाळताना बोटांना कंगोरे लागत. सही केली तर कुणाचं काय जाणार होतं? कुणा हौशी माणसाच्या कपाटात अकरा जांभळ्या बाटल्या राहिल्या असत्या. भाऊ व्हिडिओत बोलले असते, नऊ महिन्यांचं ऊन, आईचं वाक्य, सगळं. तो त्यांचा शेवटचा मोठा आनंद असता. आणि सांगितलं तर? ते पुन्हा बोलायचे थांबले तर? त्या वेळी ते त्रेपन्न वर्षांचे होते, त्यातून बाहेर यायला पुढे आयुष्य होतं. आता तेवढं नव्हतं. रात्री पडल्या पडल्या तिला भाऊंचं घोरणं ऐकू येत होतं, खोक्यांच्या पलीकडून, नियमित. ते तिच्यावर विसंबून झोपले होते.

शनिवारी दुपारी भाऊ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र पसरून अर्ध्या ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. कॅमेऱ्यासमोर हातात पेन्सिल असावी असं त्यांनी ठरवलं होतं. फॉर्म टेबलावर होता, त्यावर वजन म्हणून गोटीची बाटली. चित्रा समोरच्या खोक्यावर बसली, पुन्हा उठली, आणि उभ्याने म्हणाली,

"भाऊ, त्या अकरा बाटल्या उन्हाने झालेल्या नाहीत."

ब्लेड थांबलं. "मग कशाने?"

"अतिनील दिव्याने. आमच्या लॅबमधल्या. मी नेल्या होत्या. ते ठसे चिमट्याचे आहेत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले. "अकराही?"

"अकराही."

"आणि बारावी?"

हाच प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. "माझ्या हातून फुटली. लॅबमध्ये."

"टाकीला मांजा अडकला होता," भाऊ म्हणाले. "संक्रांतीचा. मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या साईनाथच्या मुलाने पतंग उडवताना पाडली. मी त्या पोराला परत वर येऊ दिलं नाही. साईनाथ विचारायला आला होता, त्याच्याशीही नीट बोललो नाही. ते शीळफाट्याकडे राहायला गेले तेव्हा भेटायलाही गेलो नाही." त्यांनी ब्लेड कागदात ठेवून घडी घातली. "मी त्या मुलाला ओरडलो तेव्हा तू जिन्यात उभी होतीस."

"हो."

"काही बोलली नाहीस."

"नाही."

ती वाट बघत राहिली. रस्त्यावर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं, परत परत. ते मूल नऊ-दहा वर्षांचं असेल. त्याच्या बोटाला मांज्याने कापलेलं होतं आणि ओरडा खाताना ते बोट तोंडात घालून उभं होतं. हेच ते, जे ती आठवू देत नव्हती. तिला वाटलं होतं, भाऊ आत्ताच बोलू लागलेत, त्यांना बोलू दे, ओरडू दे, काहीही. भाऊंनी वर्तमानपत्रातला भुसा एका कोपऱ्यात झटकला, कागद दुमडला, आणि त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

चार वाजता अनिमेष आला, मागोमाग श्रिया. चित्राने अनिमेषला उभ्या उभ्या सांगितलं, दिवा, तास, चिमटा. त्याने एक बाटली उचलून मानेवरचा ठसा पुन्हा पाहिला. वाईट माणूस नव्हता. त्याला बाटल्या खरोखर आवडत होत्या. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक सुचवू? उन्हाने हा शब्द काढून टाकू. काकांच्या कार्डावर कारण मोकळं आहे. आपणही मोकळंच ठेवू. खोटं काहीच लिहायचं नाही." श्रिया म्हणाली, "आई, खरंच. प्रॉब्लेम काय आहे? पर्पल तर आहेतच ना त्या." चित्राने त्या रकान्याचा विचार केला. ती जागा खरंच मोकळी होती, तिथे तिची सही चालली असती. पण तो रकाना ज्याला कळलं नाही अशा माणसाचा होता. तिला कळत होतं. ती तसं म्हणणार तेवढ्यात खुर्ची करकरली. भाऊ उठले होते. टेबलाला धरून ते जांभळ्या गटापाशी गेले, तीनशे बारा उचलली, उलटी केली आणि बुडाचा गोल नंबर नखाने खरवडू लागले. निघेना. कुणीच पुढे झालं नाही. पहिला निघाला, तो त्यांनी टेबलाच्या कडेला चिकटवला. मग तीनशे तेरा. अकरा नंबर निघेपर्यंत चहा गार झाला. व्हिडिओ झाला नाही. अनिमेषने जाताना भाऊंना वाकून नमस्कार केला. भाऊंनी हात वर केला, तेवढंच.

आठवडाभराने, रविवारी, लिलाव झाला. श्रियाच्या लॅपटॉपवर चित्रं सरकत होती. गोटीच्या बाटल्या एका गटाने गेल्या, निळ्या विषाच्या बाटल्यांवर दोन माणसं बराच वेळ अडून राहिली. श्रिया मधूनमधून सांगत होती, गेली, ही पण गेली. भाऊ पाठ करून बाल्कनीत बसले होते, जिथे काही नव्हतं, फक्त वाळत घातलेला एक टॉवेल. गुरुवारी ते घोडबंदरला गेले, बाविसावा मजला. गाडीत भाऊंनी मांडीवर एकच खोकं घेतलं होतं, ते कुणाला घेऊ दिलं नाही. नव्या घरात ते श्रियाशी बोलत. "तुझ्या आईला सांग, साखर कमी." "तुझ्या आईला विचार, माझी पट्टी कुठे आहे." चित्रा त्याच खोलीत असे. ती साखर कमी करी, पट्टी शोधून देई. शब्द मोजायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं, तरी ते मोजले जात. रात्री जाग आली की वाटे, सही केली असती तर या वेळी ते तिला व्हिडिओ परत लावून दाखव म्हणत असते. तसं वाटलं तरी सांगितल्याचा पश्चात्ताप होत नव्हता, आणि त्याने काहीही हलकं होत नव्हतं.

शनिवारी श्रिया बाहेर गेली होती. भाऊ पश्चिमेच्या खिडकीजवळ टेबल घेऊन बसले होते, पुढे अकरा कार्डं. चित्रा कपडे घडी करत होती.

"अंतर किती होतं?" भाऊंनी विचारलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "एकवीस सेंटिमीटर," ती म्हणाली. उत्तर आधी आलं, प्रश्न तिला उद्देशून होता हे नंतर कळलं.

"तास?"

"रोज तेरा. चौपन्न दिवस."

"चिमट्यासकट का फिरवल्यास?"

"सैल केला तेव्हा बारावी घसरली. नंतर हिंमत झाली नाही."

त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार केला, मग पट्टी लावून रकान्यात लिहू लागले, एका कार्डावर, दुसऱ्या कार्डावर. अक्षर वाकडं येत होतं, पण रेषेबाहेर जात नव्हतं. अकरावं संपल्यावर त्यांनी गठ्ठा तिच्याकडे सरकवला आणि वर पेन्सिल ठेवली. तिने वाचलं. अतिनील दिवा, २१ सें.मी., ७०२ तास. ठसे चिमट्याचे. तेरा गुणिले चौपन्न तिने मनात पुन्हा केले; बरोबर होते. खाली आणखी एक ओळ होती, अकराही कार्डांवर तीच: बारावी चित्राच्या हातून फुटली, मुलाने नव्हे. तिने कोपऱ्यातल्या दुसऱ्या चौकटीत, तपासले या शब्दापुढे, अकरा वेळा सही केली. भाऊ ते बघत होते. "साईनाथचा मुलगा कुठे असतो, श्रियाला शोधायला सांग," ते म्हणाले. "तिला ते फोनवर जमतं." मग म्हणाले, "तू पण चल."

ते उठले, खोक्यातून तीनशे बारा नंबरची बाटली काढली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. थोडी फिरवली, पुन्हा थोडी, मानेवरचा एक फिकट ठसा नेमका बाहेरच्या बाजूला येईपर्यंत. "इथे ऊन बरं येतं," ते म्हणाले. "राहिलेलं तेवढं भरून काढील." चित्रा बघत राहिली. खिडकीची काच बंद होती. त्यासाठी लागणारा अतिनील उजेड साधी काच बहुतेक अडवते. तिच्यामागे वीस वर्षांतही काही होणार नाही. उघडी ठेवली, तर एका बाजूला सहा-सात वर्षं, मग बाटली वळवायची, आणखी सहा-सात. भाऊ शहाऐंशीचे. तिने हिशोब तिथेच सोडला, पुढे झाली आणि काच सरकवली. खालून घोडबंदर रोडचा आवाज आणि धूळ एकदम आत आली. टेबलावरची कार्डं उडू लागली, तिने हात ठेवून ती दाबून धरली. भाऊंनी वाकून, काच कुठपर्यंत गेली आहे ते पाहिलं.

"पूर्ण उघड," ते म्हणाले.